वही फक्त सावकाराच्याच घरी का?



२०२५-२६ च्या हंगामात, कापसाची उलंगवाडी झाल्यावर, एका गावी बैठक होती. समोर साठ-सत्तर माणसे. सगळे कोरडवाहू, सगळे कापूस-ज्वारीवाले. भाषण सुरू करण्याआधी मी एक साधा प्रश्न विचारला, 'यंदा तुमच्या घरी एक क्विंटल कापूस किती रुपयांना पडला?' बाजारात किती मिळाले ते विचारले नाही. ते सगळ्यांना पाठ असते. पडला किती? थोडा वेळ कोणी बोलेना. मग एक जण म्हणाला, 'पाच हजार.' मागून आवाज आला, 'कुठचे पाच? दहा धर.' मग जो तो आकडा फेकू लागला आणि लिलावाची बोली लागावी तसे झाले. शेवटी भिंतीशी बसलेली एक बाई उठली. नवरा गेल्यापासून म्हाताऱ्या सासऱ्याच्या मदतीने जमीन वाहते. तिने पिशवीतून पोराची शाळेतली अर्धी कोरी वही काढली आणि म्हणाली, 'घरची मजुरी नाही धरली तर चार हजार नऊशे. धरली तर आठ हजार.' एवढे बोलून ती खाली बसली. बोली थांबली.

बैठक संपल्यावर मी ती वही पाहायला मागितली. एका एकराचे एक पान होते. बियाण्याच्या दोन पिशव्या, ९०१ रुपयांप्रमाणे १,८०२. नांगरटी-वखरणी ट्रॅक्टरने, ३,०००. टोबणी ८००. डीएपीच्या दोन गोण्या आणि युरियाची एक, मिळून २,९६७. दोन निंदणे ५,०००. डवरणी तीन पाळ्या, भाड्याची जोडी, १,५००. फवारण्या ४,०००. पाच क्विंटलची वेचणी किलोला दहा रुपयांनी ५,०००. गाडीभाडे ५००. बेरीज २४,५६९. कापूस विकला ७,००० ने, आले ३५,०००. म्हणजे हाती १०,४३१ राहिले. आपल्यापैकी बहुतेकांचा हिशोब इथे संपतो, आणि तोही तोंडी. तिचा संपला नव्हता. पानाच्या मागच्या बाजूला तिचे ३६ दिवस होते, रोज २५० ने ९,०००. सासऱ्याचे १६ दिवस, ४०० ने ६,४००. ते धरल्यावर १०,४३१ ची शिल्लक पुसली गेली आणि ४,९६९ चा तोटा उभा राहिला. जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज तर तिने धरलेच नव्हते.

दिल्लीत कृषिमूल्य आयोग हमीभावासाठी खर्च मोजतो, तेव्हा कुटुंबाची मजुरी धरतो. ती रास्त धरतो की नाही यावर भांडण आहे आणि ते चालूच राहील. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० ठरला, तोही याच हिशोबातून. पण निदान त्या कागदावर आपल्या बायकोच्या निंदणाला किंमत आहे. आपल्या घरात नाही. 'घरचेच तर आहे' म्हणून आपण ते सोडून देतो. व्यापारी दुकानात बसतो त्या दिवसाची किंमत धरून भाव सांगतो. आपण मात्र चार महिने उन्हातान्हात राबून 'दहा हजार सुटले' म्हणून घरी येतो. आपलेच आपण मोजले नाही तर दुसरा कशाला मोजेल?

आता काही जणांच्या मनात येईल की संपादकही शेवटी 'काटकसर करा, बचत करा' या वळणावर गेला. तसे नाही. शेतकरी कर्जबाजारी का, तर तो लग्नात उधळतो, सणावारी खर्च करतो, हे प्रवचन आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो आहोत. ते सांगणारे बहुधा पगारी असतात. १८७५ च्या दंग्यांनंतर इंग्रजांनी नेमलेल्या आयोगानेसुद्धा लग्नखर्चाच्या या कारणाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे असेच नोंदवले होते. दीडशे वर्षांनीही प्रवचन संपलेले नाही. भाव पडला, पाऊस दोन महिने दडून बसला, बोंडअळी आली, तर वही लिहून कापूस वाढत नाही. तोट्याच्या शेतीत काटकसर म्हणजे फुटक्या रांजणात जपून पाणी ओतणे. हे मान्य करूनही मला वहीची गोष्ट सांगायची आहे, कारण रांजणाला भोके दोन आहेत. मोठे भोक आपल्या हाताबाहेर आहे, त्यासाठी आपण रस्त्यावर बसतो. दुसरे लहान आहे, ते घरात आहे आणि ते कुठे आहे हेच आपल्याला दिसत नाही.

त्या १८७५ च्या दंग्यांचा कापसाशीही संबंध आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, आपल्याकडचा भाव चढला आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला, शेतसारा मात्र वाढवलेला. कर्जे तशीच राहिली. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोक सावकारांवर चालून गेले आणि तिथून हे लोण पुणे-नगर भागातल्या गावांत पसरले. त्यांनी मागितले काय? कर्जरोखे आणि चोपड्या. हाती लागल्या त्या जाळल्या. जाळल्या, कारण कोणाकडे किती देणे आहे याचा एकमेव पुरावा त्या चोपड्या होत्या आणि त्या एकाच बाजूच्या हाताने लिहिलेल्या होत्या. कुणब्याच्या घरी दाखवायला कागद नव्हता. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यात कुळाला पैसे भरल्याची लेखी पावती, वर्षाचा हिशोब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला गेला. कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचीही मुभा मिळाली. म्हणजे पावती मागणे हा काही शहरी शहाणपणा नाही. आपल्या पणजोबांच्याही आधीच्या माणसांनी तो हक्क अंगावर खटले घेऊन मिळवलेला आहे. आपण तो वापरत नाही, एवढेच.

तर सवय कोणती? रात्री जेवण झाले की चार ओळी. तारीख, कशासाठी, किती, रोख की उधार. बस. याला हिशोबनीस लागत नाही. घरात सातवी-आठवीतली पोरगी असेल तर तिच्याकडे द्या, ती बापापेक्षा नीट लिहील आणि खोटे लिहू देणार नाही. पैसे गेले तेच लिहायचे असे नाही, दिवस गेला तोही लिहायचा. 'डवरणी, घरची जोडी, अर्धा दिवस.' 'वेचणी, आई, २२ किलो.' एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी 'आठवत नाही, २००' असे लिहा आणि पुढे चला. पुष्कळांची वही तिसऱ्या दिवशी बंद पडते ती याच लाजेने, की मधले पान कोरे राहिले. राहू द्या. आता फोनवरून पैसे द्यायची सोय झाली आहे. चांगली आहे, पण त्यात नोट हातातून जाताना दिसत नाही, त्यामुळे खर्च झाल्यासारखे वाटतच नाही. त्याची यादी फोनमध्ये असते, बाजाराच्या दिवशी ती एकदा वहीत उतरवून घ्या. आणि बेरीज अमावस्येला करा. पहिली तारीख पगारदाराची. आपल्याला तारीख विसरते, अमावस्या विसरत नाही.

वहीत दोन बाजू ठेवा, एक शेताची आणि एक घराची. हे फार महत्त्वाचे आहे आणि यावर मी फार लिहिणार नाही, कारण करून पाहिल्याशिवाय पटत नाही. आपल्याकडे एकच खिसा असतो. खताला काढलेले पीककर्ज दवाखान्यात जाते, गाय विकून आलेले पैसे फवारणीत जातात आणि वर्षाअखेर शेतीने घराला पोसले की घराने शेतीला, हे कोणालाच सांगता येत नाही.

आता उधारीकडे येतो. इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागेल. पंधरा वर्षे मी स्वतः काही लिहीत नव्हतो आणि सभेत मात्र उत्पादनखर्चावर बोलत होतो. एका वर्षी कृषी केंद्राचा हिशोब करायला गेलो. माझ्या आठवणीत खताच्या तीन गोण्या, त्यांच्या वहीत पाच. दुकानदाराने शांतपणे पान उघडून दाखवले. तारखा होत्या, माझे नाव होते. कदाचित पोराने नेल्या असतील, कदाचित भावाने, कदाचित कोणीच नाही. मी भांडलो, पण कशाच्या जोरावर? त्याच्याकडे कागद होता आणि माझ्याकडे तोंड. पाच गोण्यांचे पैसे दिले. दुकानाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, चूक निम्मी माझी होती.

उधारीचा भाव वेगळा आणि रोखीचा वेगळा, हे आपण सगळे जाणतो, पण किती वेगळा ते विचारत नाही, कारण उधार मागणाऱ्याची मान आधीच खाली असते. तरी विचारा. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे छापलेले असतात. त्याच्यावर किती लावले, ते तुमच्या वहीत लिहा. तीन महिन्यांच्या उधारीवर गोणीमागे चाळीस रुपये जास्त लावले तर ते वर्षाला शेकडा साठ पडतात, हे एकदा कागदावर पाहिले की रोखीने घ्यायची सोय कशी करावी याचा विचार माणूस आपोआप करू लागतो. उधार घ्या, रोख घ्या, बिल घ्याच. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे विक्रेत्याने रोखीचे किंवा उधारीचे बिल दिलेच पाहिजे. बियाण्यालाही तसाच नियम आहे. बियाणे उगवले नाही तर तक्रार कशावर करणार? बिल, रिकामी पिशवी, तिची चिठ्ठी आणि मूठभर बियाणे, एवढे माल घरी येईपर्यंत आढ्याला बांधून ठेवा.

व्याजाचेही तसेच. आपली भाषा 'तीन टक्के' अशी. ऐकायला किती गरीब वाटते! ते महिन्याचे असते. बँकेची भाषा वर्षाची, म्हणजे द.सा.द.शे. दोन्ही एका पानावर आणा. महिना तीन म्हणजे वर्षाला ३६. त्या बाईचे २४,५६९ रुपये सहा महिन्यांसाठी खाजगी कर्जातून आणले असते तर व्याज ४,४२२ झाले असते. पीककर्जाच्या ७ टक्क्यांनी तेच ८६० होतात. मुदतीत फेडले आणि ३ टक्क्यांची सूट मिळाली तर ४९१. सगळे पैसे पहिल्या दिवसापासून लागत नाहीत हे खरे, पण फरक कळायला एवढे पुरे. धान्याची सवाई याहून भारी आहे. जूनमध्ये ज्वारीची चार पायली आणायची आणि नोव्हेंबरात पाच घालायची. पाच महिन्यांत पाव हिस्सा, म्हणजे वर्षाला शेकडा ६०. दिढी असेल तर १२०. शिवाय हेही माहीत असू द्या की महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारीचा नवा कायदा आहे. परवाना असलेल्या सावकाराने शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाही. मुदलाहून जास्त व्याज वसूल करायचे नाही हा दामदुपटीचा नियम तर फार जुना आहे. पण किती घेतले, कधी घेतले, किती फेडले हे तुमच्याकडे लिहिलेले नसेल तर कायद्याला हात कुठे घालणार?

सगळ्यात जास्त पैसा कुठे गळतो ते सांगतो. दसरा ते दिवाळी. सीतादही होते, पहिली वेचणी घरी येते आणि घरात नगद नसते. पोळ्यापासून किराणा उधार, पोरांच्या कपड्यांचे बाकी, दिवाळी तोंडावर. मग चुंगडीभर कापूस पाठीवर घेऊन माणूस गावातल्या खरेदीवाल्याकडे जातो. वीस किलो. भाव तो सांगेल तो, काटा त्याचा, आणि बोंड ओले आहे म्हणून वर कट्टी. किलोला दहा रुपये कमी मिळाले तर वीस किलोला दोनशे गेले. असे सहा आठवडे केले की बाराशे. हे बाराशे कोणाच्याच हिशोबात येत नाहीत, कारण चुंगडीचा कापूस आपण 'विकला' असे म्हणतच नाही, तो 'बाजारहाटाला दिला'. एवढा तोटा टाळायला हजारो रुपये साठवावे लागत नाहीत. या सहा आठवड्यांचा मीठमिरची-तेलाचा खर्च, दोन-तीन हजार, उन्हाळ्यातच वेगळ्या डब्यात पडलेला असला की कापूस घरात सुकतो, मोठ्या गाडीने जातो आणि नऊ-दहा टक्के ओलाव्याचा होऊन सीसीआयच्या केंद्रावर दाखवता येतो. तिथे ८ टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक टक्क्याला पैसे कापतात आणि १२ च्या वर घेतच नाहीत. ओला कापूस घाईने विकणारा तिथपर्यंत पोचतच नाही.

आणि मोठ्या गाडीचे पैसे आले त्या दिवशीची सवय. गावात शिरायच्या आधी, एसटी स्टँडवर चहा पितानाच, वाटण्या करा. पुढच्या बियाण्याचे इतके, बँकेचे इतके, वर्षाच्या ज्वारीत तूट असेल तर तिचे इतके. ते खात्यातच राहू द्या. उरले ते घेऊन घरी जा. पैसे गावात शिरले की वाटण्या दुसरेच कोणी तरी करतात. ज्यांना २०१९ पासून केंद्राचे वर्षाला सहा हजार आणि २०२३ पासून राज्याचे सहा हजार येतात त्यांनीही एकदा मांडून पाहावे. कापसाच्या भावात गेले त्यापुढे हे बारा हजार काही नव्हेत, उपकार तर मुळीच नव्हेत. पण २०२५ च्या दराने चार एकरांच्या आठ पिशव्या ७,२०८ च्या होतात आणि वर डीएपीच्या तीन गोण्याही निघतात. हप्ते सुटे सुटे येतात म्हणून सुटे सुटे जातात. जूनपर्यंत हात लावला नाही तर पेरणीपुरते कृषी केंद्राचे पान कोरे राहते.

ज्वारीचा हिशोब उलटा फसतो. ज्वारी परवडत नाही असे सगळे म्हणतात, आणि धान्याचा भाव पाहिला तर खरेही आहे. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीला ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९ हा हमीभाव जाहीर झाला, तेवढाही बाजारात मिळेल याची खात्री नसते. पण कडबा कोण मोजतो? दोन बैल आणि एक म्हैस वर्षभर खातात तो कडबा विकत घ्यायचा म्हटला तर किती पडेल? आणि कणगीत गेलेली ज्वारी? ती वहीत जमेला बाजारभावाने धरा. मग कळते की नगद नाही म्हणून काढणीच्या हंगामात स्वस्तात विकलेले पोते आपणच श्रावणात किराणा दुकानातून किलोने परत आणतो. आधी कणगी भरायची, मग विकायचे, ही आपल्या आज्ज्यांची रीत होती. त्यांनी अर्थशास्त्र वाचले नव्हते.

खर्ऱ्याबद्दल लिहू नका असे आमच्या एका कार्यकर्त्याने बजावले आहे, कारण तो स्वतः खातो. म्हणून एकच आकडा देतो. तीस रुपयांचा एक खर्रा रोज धरला तर वर्षाचे १०,९५० होतात. खावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, बायको काय म्हणेल तेही त्याने पाहावे. माझे म्हणणे इतकेच की तोही लिहावा. एकाने महिनाभर लिहिला आणि अमावस्येला बेरीज केल्यावर पान फाडून टाकले. फाडले तर फाडले, आकडा डोक्यातून फाटला नाही. आता दोन दिवसांत एक पुरवतो म्हणतो.

पीककर्जाची मुदत मोठ्या अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नुसते 'मार्चमध्ये' असे नको, बँकेत विचारून नेमका दिवस लिहा. तो चुकला की ३ टक्क्यांची सूट जाते, राज्याची पंजाबराव देशमुखांच्या नावाची व्याज सवलतही जाते, आणि खाते थकले की पुढच्या वर्षी बँकेचे दारच बंद होते. मग उरतो तो महिन्याला तीनवाला. आपल्यातले पुष्कळ जण शेवटच्या आठवड्यात 'नवं-जुनं' करतात, म्हणजे बाहेरून पैसे आणून कर्ज भरायचे आणि नवे उचलून ते परत करायचे. एक लाखाच्या कर्जावर मुदतीत भरल्याने वर्षाला तीन हजार वाचतात. तेच लाख पंधरा दिवसांसाठी शेकडा तीनने आणले तर तीन हजार तिथेच गेले. बँकेने दिलेली सूट आपण उचलून दुसऱ्याच्या घरी नेऊन दिली. कापसाच्या गाडीच्या दिवशी मुदलाचा थोडा जरी भाग बाजूला पडला असेल तर बाहेरून आणायची रक्कम तेवढी कमी होते. कर्जमाफी होईल म्हणून भरायचे थांबावे का, असे प्रत्येक बैठकीत विचारतात. २००८, २०१७, २०१९ या तिन्ही वेळी कोण बसले आणि कोण निकषात अडकले, ते आपापल्या गावात मोजून पाहा आणि मग ठरवा.

मायबहिणींना वेगळे सांगायला नको. बचत गटाच्या वह्या त्यांनी कित्येक वर्षे चालवल्या आहेत. बँकांनी गटांना कर्ज देण्याची योजना १९९२ मध्ये नाबार्डने सुरू केली, तिचा पायाच मुळी नियमित बैठक, बचत आणि लिहिलेली वही हा होता. ज्या घरात बाई गटाची वही बिनचूक ठेवते त्याच घरात शेताची वही नसते, कारण शेताचा हिशोब पुरुषाचा असे मानले जाते आणि पुरुष तो डोक्यात ठेवतो. एक इशारा मात्र त्यांना देतो. आठवड्याच्या हप्त्याने पैसे वाटणाऱ्या कंपन्या दारात येतात. एकीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज, असे साखळीने चालले असेल तर सगळे हप्ते एका पानावर लिहा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे या कंपन्यांकडून कर्ज घेणाऱ्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तुमचे गेले असतील तर नवे कार्ड घेऊ नका, देणारा कितीही गोड बोलला तरी.

जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने वही आणायची आहे. महिन्याची असली तरी चालेल, मध्ये पाने कोरी असली तरी चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातवाला बरोबर आणावे, त्याच्या जेवणाची सोय आहे. भाषणे दुपारनंतर होतील. सकाळी गावागावाचे गट करून बसायचे आणि एक क्विंटल कापूस, एक क्विंटल ज्वारी कोणाला किती रुपयांना पडली, ते घरची मजुरी धरून आणि न धरता, असे दोन रकान्यांत फळ्यावर लिहायचे. सुरुवात त्या बाईच्या पानापासून होईल. तिला मी विचारले आहे, ती येते म्हणाली आहे.